टिंब आणि प्रत्यय

पत्त्यातले ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ कुणाला उलगडून सांगावे लागत नाहीत. मुक्काम, तालुका, जिल्हा हे तिन्ही शब्द मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेले, पोस्ट इंग्रजी. चारही शब्दांचे फक्त पहिले अक्षर उरले, तरी पत्र बिनचूक पोचते. मग निबंधात ‘आमच्या जि.त पाऊस कमी झाला’ असे वाचले की का खटकते?

मराठी शब्द वाक्यात शिरताना रूप बदलतो. जिल्हा ‘जिल्ह्यात’ होतो, तालुका ‘तालुक्याला’, तारीख ‘तारखेला’. प्रत्यय लागण्याआधी होणारे हे सामान्यरूप शब्दाच्या शेवटी दिसते, आणि संक्षेप नेमका तो शेवटच काढून टाकतो. सुरुवात मात्र तो निगुतीने जपतो. इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकर यांची आद्याक्षरे ‘त्र्यं. शं.’ अशी लिहितात. जोडाक्षर आणि अनुस्वार दोन्ही शाबूत राहतात, कारण मराठी संक्षेप सुटा वर्ण उचलत नाही, अख्खे अक्षर उचलतो.

म्हणून शब्द जिथे एका जागी स्थिर असतो, तिथे संक्षेप शोभतो. जुन्या मोडी पत्रांत राजश्रीसाठी ‘रा’ लिहून पुढे दोन दंड देत. घरगुती पत्रात ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि सही झाल्यावर काही आठवले तर ‘ता. क.’, म्हणजे ताजा कलम. यांपैकी एकालाही प्रत्यय लागत नाही. तारीख लिहितानाही आपण ‘दि. 5 जून रोजी’ म्हणतो. विभक्तीचे काम फारसी ‘रोज’वरून आलेला ‘रोजी’ करतो. ‘इ. स. 1818 मध्ये’ इथे तेच काम ‘मध्ये’ करतो.

काही संक्षेप मात्र पुढे स्वतःच शब्द झाले. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. आज आपण ‘एसटीने’ जातो, ‘एसटीत’ जागा धरतो, आणि एसटी स्त्रीलिंगी आहे हे कुणी शिकवावे लागत नाही. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुलंनी’ झाले, ग. दि. माडगूळकरांचे ‘गदिमांनी’. प्रत्यय चिकटला आणि टिंब गळाले.

निबंध लिहिणाऱ्याला यातून एक सोपी कसोटी मिळते: संक्षेपाला प्रत्यय लावून पाहावा. ‘मसापने’ सहज म्हणता येते. तेव्हा 1906 साली पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेचे नाव आधी एकदा पूर्ण लिहावे आणि पुढे खुशाल ‘मसाप’ म्हणावे. ‘उदा.’ला तसे करता येत नाही. वाचणारा तो मनात ‘उदाहरणार्थ’ असाच वाचतो, मग आपणच तसे का लिहू नये? शिवाय टिंबवाले संक्षेप अनेकार्थी असतात. ‘प्रा.’ म्हणजे प्राध्यापक, प्राथमिक की प्रायव्हेट, हे नावात किंवा पाटीवर लगेच कळते. सलग गद्यात वाचकाला थांबून ठरवावे लागते. ‘ता.’ तारीखही असते आणि तालुकाही.

तक्ता, तळटीप, कंस आणि पत्ता इथे टिंब जरूर द्यावे. वाक्यात मात्र जो संक्षेप प्रत्यय पेलतो तोच घ्यावा; जो पेलत नाही, त्याचा शब्द पूर्ण लिहावा. चार अक्षरे जास्त लिहावी लागतील, पण वाचणाऱ्याला कुठेही अडायला होणार नाही.