कुंपणच शेत खातं तेव्हा...

संगणक सुरू केला की आपल्याला दिसतात फाइली, ब्राउझर, गाणी, फोटो. या सगळ्यांच्या खाली एक कारभारी बसलेला असतो, तो मात्र कधीच दिसत नाही. त्याचं नाव कर्नल. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, डिस्कला कोणी हात लावायचा, हे सगळं तोच ठरवतो. त्याला कुठेही जायची मुभा असते, आणि म्हणूनच तो फसला की सगळंच फसलं. तर मंडळी, प्रश्न असा की या कारभाऱ्यावर लक्ष कोण ठेवणार?

हा प्रश्न जुना आहे. साठच्या दशकात एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बांधायला घेतली. तिच्यात एकात एक अशी वर्तुळं कल्पिली होती. अगदी आतलं वर्तुळ सर्वात अधिकाराचं, आणि बाहेर जावं तसा अधिकार कमी. पहिल्या यंत्रात ही सोय नव्हती, म्हणून सगळा खेळ सॉफ्टवेअरनेच करावा लागे. पुढे १९७२ मध्ये श्रोडर आणि सॉल्त्झर यांनी ही वर्तुळं थेट हार्डवेअरमध्ये कशी आणायची ते मांडलं, आणि हनीवेलच्या पुढच्या यंत्रात अशी आठ वर्तुळं आली.

इंटेलने १९८२ च्या ८०२८६ मध्ये चार वर्तुळं दिली. गंमत अशी की विंडोज एनटी आणि लिनक्स यांनी त्यातली दोनच वापरली, सर्वात आतलं आणि सर्वात बाहेरचं. एनटी तर इतर कंपन्यांच्या प्रोसेसरवरही चालवायची होती, आणि त्यातल्या अनेकांत दोनच पातळ्या असत. वाड्याला चार दरवाजे, पण मधले दोन कधी लावलेच नाहीत!

दुसरी ढिलाई याहून महागात पडली. १९८५ च्या ८०३८६ मध्ये मेमरीच्या एखाद्या पानावर 'इथे लिहू नये' अशी पाटी लावता येई, पण कर्नल ती पाटी जुमानत नसे. त्यालाही ती लागू करण्याची सोय १९८९ च्या ८०४८६ मध्ये आली. 'या पानावरचा मजकूर हुकूम म्हणून चालवू नये' अशी पाटी तर नव्हतीच. म्हणजे माहिती म्हणून आत आलेला मजकूर हुकूम होऊन बसू शकत होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म पसरला, तो ज्या वाटांनी शिरला त्यातली एक हीच. ती यंत्रं इंटेलची नव्हती, पण दोष तोच. ही पाटी एएमडीने २००३ मध्ये आपल्या ६४ बिट प्रोसेसरांत आणली आणि २००४ च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ ने ती वापरायला घेतली. त्याआधी २००० पासूनच पॅक्स या लिनक्सच्या पॅचने हेच काम सॉफ्टवेअरमध्ये जुळवून दाखवलं होतं. मल्टिक्सचीच गोष्ट पुन्हा.

आता खुद्द कर्नल. वेग मिळावा म्हणून कर्नलची आणि प्रोग्रॅमची मेमरी एकाच नकाशात ठेवायची पद्धत होती. प्रोग्रॅमला कर्नलच्या हद्दीत जायला बंदी, पण कर्नलला उलट बाजूला यायला काहीच आडकाठी नाही. ऑगस्ट २००९ मध्ये लिनक्समधला एक दोष उघड झाला, तो २००१ पासून तिथे होता. कर्नल चुकून शून्य पत्त्यावर उडी मारी, आणि हल्लेखोराने तिथे आपले हुकूम आधीच मांडून ठेवलेले असत. सगळे अधिकार हातात असलेला कारभारी भलत्याचंच काम करून मोकळा!

यावर इंटेलने २०१२ च्या आयव्ही ब्रिजमध्ये एक बंधन आणलं: कर्नलने प्रोग्रॅमच्या पानांवरचे हुकूम चालवायचे नाहीत. २०१४ च्या ब्रॉडवेलमध्ये आणखी एक: त्या पानांवरची माहितीही, मुद्दाम कडी काढल्याशिवाय, वाचायची नाही की लिहायची नाही. मला या दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. आजवरचे नियम मुख्यतः दुबळ्याला अडवण्यासाठी होते, हे सर्वात बलवानासाठी केलेले. सत्ता जितकी मोठी, तितकी तिच्या चुकीची किंमत मोठी, हे इथे मान्य केलेलं दिसतं.

मग जानेवारी २०१८ उजाडला आणि मेल्टडाउन जाहीर झालं. वेगाच्या हव्यासापायी इंटेलचे प्रोसेसर परवानगीची तपासणी पुरी व्हायच्या आतच पुढचं काम उरकून ठेवत, आणि त्याच्या मागे राहिलेल्या खुणांवरून कर्नलची मेमरी वाचता येई. ज्याच्या भरवशावर सगळा बंदोबस्त, तेच कुंपण शेत खात होतं. शेवटी सॉफ्टवेअरलाच धावून यावं लागलं. कर्नलचा नकाशा वेगळा काढला आणि थोडा वेग गमावला.

आज एआरएम प्रोसेसरांत मेमरीच्या दर १६ बाइटांना चार बिटांची खूण जोडता येते. २०२३ च्या पिक्सेल ८ फोनमध्ये ही सोय होती. पत्त्यावरची खूण आणि मेमरीवरची खूण जुळली तरच प्रवेश. पण चार बिटांत १६ च खुणा बसतात, म्हणजे अंदाजाने टाकलेली खूण सोळात एकदा जुळू शकते. मेमरीला खूण लावायची कल्पनाही नवी नाही, बरोज कंपनीच्या साठच्या दशकातल्या यंत्रांत ती होती.

असो. कुलपं चांगली झाली म्हणून दोष संपले असं नाही. ते अजूनही माणसंच लिहितात. फक्त एक दोष सापडला की अख्खा वाडा हाती लागायचा, ते दिवस थोडे अवघड झाले आहेत. एवढ्यासाठी पन्नासेक वर्षं लागली, आणि त्यातली बरीचशी 'वेग कमी होईल' या एका सबबीत गेली.