परतीच्या वाटेवर मागे राहिलेली माणसे

घराबाहेर पडलेला माणूस अनेक संकटांना तोंड देत पुन्हा आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो, ही जगातील सर्वांत जुन्या कथांपैकी एक कथा होय. ग्रीक महाकवी होमरचे 'ओडिसी' हे महाकाव्य तिचे आद्य रूप मानले जाते. ट्रॉयच्या युद्धात दहा वर्षे आणि परतीच्या प्रवासात आणखी दहा वर्षे घालवून ओडिसियस इथाका या आपल्या बेटावर पोहोचतो. घरी परतण्याला ग्रीक भाषेत 'नोस्तोस' असा शब्द आहे. जोहान्स होफर या स्विस वैद्यकाने १६८८ मध्ये या शब्दाला 'अल्गोस' म्हणजे वेदना हा शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' ही संज्ञा घडविली. आज ती गोड स्मरणरंजनाच्या अर्थाने वापरली जात असली, तरी मुळात ते घराच्या ओढीने जडणाऱ्या आजाराचे नाव होते.

इतिहासाचा आधार घेऊन परतीची वाट रंगविणाऱ्या कादंबऱ्या वाचकांना आजही प्रिय आहेत. नायकाचे धैर्य आणि चिकाटी यांमुळे त्या प्रेरणादायी म्हणून वाचल्या जातात. तथापि त्यांतील उत्तम कृती बारकाईने वाचल्यास एक गोष्ट ध्यानात येते. पोहोचणाऱ्या माणसाइतकीच त्या न पोहोचलेल्यांची कथा सांगत असतात. बारा गलबते घेऊन निघालेला ओडिसियस इथाकेला परततो तेव्हा त्याच्या सोबत्यांपैकी एकही जिवंत नसतो. परतीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न या साहित्यप्रकाराच्या मुळाशी आहे.

आग्रा ते राजगड

रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या 'मोचनगड' या १८७१ मधील कृतीपासून मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ मानला जातो. या परंपरेतील सर्वाधिक परिचित परतीची वाट म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचा आग्रा ते राजगड हा प्रवास. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात झालेला अपमान, त्यानंतरची नजरकैद आणि ऑगस्टमधील सुटका हा घटनाक्रम प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असतो. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीत हा प्रसंग येतो. शिवाजी सावंत यांनी 'छावा' (१९७९) या कादंबरीत तोच काळ संभाजीराजांच्या जीवनकथेचा भाग म्हणून रंगविला.

पेटाऱ्यांची कथा इतकी लोकप्रिय आहे, की तिच्या झगमगाटात पुढचा भाग झाकोळला जातो. सुटकेनंतर महाराजांनी नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत विश्वासू कुटुंबाच्या हवाली केले. वेषांतर करून वेगाने दक्षिण गाठायची, तर लहान मुलाला सोबत नेणे दोघांच्याही जिवावर बेतणारे होते. पुत्राचा माग काढला जाऊ नये म्हणून त्याच्या मृत्यूची वार्ता पसरविण्यात आली, असे बखरी सांगतात. आग्र्यात मागे राहिलेले रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव डबीर पकडले गेले आणि त्यांचा छळ झाला. राजा घरी पोहोचला, पण काही काळ त्याचा पुत्र परमुलखात होता आणि त्याची माणसे बंदिवासात होती. इतिहासात या गोष्टी दोन-चार ओळींत संपतात. मथुरेतील त्या मुलाने वडिलांची वाट कशी पाहिली असेल, हे सांगणे कादंबरीकाराचे काम ठरते.

पानिपताहून परतलेले आणि न परतलेले

१४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संहारानंतर वाचलेल्यांना शत्रूच्या मुलखातून, कडाक्याच्या थंडीत, अन्नवस्त्राविना दक्षिणेची वाट धरावी लागली. भरतपूरचा जाट राजा सूरजमल याने आपल्या राज्यात आलेल्या मराठ्यांना आश्रय, अन्न आणि औषधपाणी दिले. अनेकांना घरची वाट सापडली ती या परक्या दारातून. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीने हा रणसंग्राम मराठीतील नव्या पिढीपर्यंत पोहोचविला.

परतणाऱ्यांमध्ये नाना फडणवीस होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. पुढे पेशवाईचा कारभार पेलणाऱ्या या मुत्सद्द्याने आपल्या आत्मवृत्तात पानिपताहून झालेल्या पलायनाची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांच्यासोबत उत्तरेत गेलेली त्यांची आई मात्र परतली नाही.

सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई याही परतल्या. ना. सं. इनामदार यांनी 'शिकस्त' या कादंबरीत त्यांचे आयुष्य केंद्रस्थानी ठेवले. पुण्यात परतलेल्या पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू कधीच मान्य केला नाही आणि वैधव्याचे आचार पत्करले नाहीत. पुढे कनोजचा सुखनिधान नावाचा इसम स्वतःला भाऊसाहेब म्हणवीत पुढे आला. त्याच्याभोवती अनुयायी जमले. अखेर तोतया ठरवून १७७६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकर यांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आधारलेले आहे. एका तोतयावर इतक्या लोकांचा विश्वास बसतो, यातच त्या समाजाची मनःस्थिती दिसते. ज्या घरातून गेलेल्या माणसाचा देहही हाती लागलेला नाही, त्या घराला मृत्यूवर विश्वास ठेवण्यापेक्षा परतीवर ठेवणे सोपे वाटते. पार्वतीबाई स्वतः घरी पोहोचल्या, पण १७८३ मध्ये देह ठेवेपर्यंत त्यांच्यासाठी ती परत अपुरीच राहिली.

अब्दालीच्या फौजेने पकडून नेलेल्या मराठ्यांचे आपण वंशज आहोत, असे सांगणारा समाज बलुचिस्तानातील डेरा बुगटी भागात आहे. न परतलेल्यांचीही पुढे घरे झाली, ही आठवण त्या परंपरेने जपली आहे.

खांद्यावरची गंगा

कादंबरी नसूनही कादंबरीच्या ओढीने वाचले जाणारे पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी, या हेतूने काकांसह १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा आणि शहराची लूट त्याने डोळ्यांनी पाहिली. वाटेत वारंवार लुबाडणूक झाली. मिळविलेले द्रव्य गेले, परंतु आईवडिलांसाठी घेतलेले गंगोदक त्याने वरसईपर्यंत आणले. चिंतामणराव वैद्य यांनी संपादित केलेली आवृत्ती १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ हस्तलिखितावरून पुढे दत्तो वामन पोतदार यांनी वेगळी आवृत्ती सिद्ध केली. दोन्हींची तुलना करणाऱ्या वाचकाला संपादकाचा हात कोठे फिरला आहे, हे कळू शकते. परतीच्या कथेत नायक घरी काय घेऊन येतो, याला महत्त्व असते. गोडसे भटजींनी धनाऐवजी पाणी आणले, आणि त्यांच्या घरात त्याचेच मोल अधिक होते.

उंबरठ्यावर संपणारी वाट

पाश्चात्त्य साहित्यात या प्रकारातील गाजलेली आधुनिक कादंबरी म्हणजे चार्ल्स फ्रेझियर यांची 'कोल्ड माउंटन' (१९९७). तिला त्याच वर्षी अमेरिकेचे 'नॅशनल बुक अवॉर्ड' मिळाले आणि २००३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. अमेरिकी यादवी युद्धात जखमी झालेला इनमन हा दक्षिणेचा सैनिक रुग्णालयाच्या खिडकीतून बाहेर पडतो आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडील आपल्या डोंगराकडे पायी चालू लागतो. फरारी सैनिकांना शोधणारे 'होम गार्ड' त्याच्या मागावर असतात. फ्रेझियर यांना या कथेचे बीज आपल्याच घराण्यातील एका पूर्वजाच्या आठवणींत मिळाले.

या कादंबरीची रचना लक्षणीय आहे. एका प्रकरणात इनमन चालतो, तर दुसऱ्यात एडा ही त्याची प्रेयसी घर सांभाळायला शिकते. शहरात वाढलेल्या एडाला वडिलांच्या मृत्यूनंतर शेतीतले काहीही येत नसते. रूबी ही कष्टाळू तरुणी तिला नांगरणीपासून साठवणीपर्यंत सारे शिकविते. इनमन ज्या घराकडे चालला आहे, ते घर त्याच्या मागे दुसरीच माणसे उभे करीत आहेत, हे वाचकाला हळूहळू उमगते. भेट होते, पण सहवास फार थोडा लाभतो. होम गार्डच्या गोळीने इनमनचा अंत होतो आणि घर पुढे चालविण्याची जबाबदारी स्त्रियांकडे राहते.

कुंपणाच्या कडेने

ऑस्ट्रेलियातील डोरिस पिल्किंग्टन, अर्थात नुगी गारिमारा, यांचे 'फॉलो द रॅबिट-प्रूफ फेन्स' (१९९६) हे पुस्तक या परंपरेतील सर्वांत हृदयद्रावक ठरावे. कौटुंबिक आठवणी आणि सरकारी कागदपत्रे यांच्या आधारे ते कथेच्या शैलीत लिहिलेले आहे. १९३१ मध्ये मिश्र वंशाच्या आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडण्याच्या धोरणानुसार मॉली, डेझी आणि ग्रेसी या तीन मुलींना जिगालाँगहून पर्थच्या उत्तरेकडील मूर रिव्हर वसाहतीत नेण्यात आले. सर्वांत मोठी मॉली जेमतेम चौदा वर्षांची होती. मुलींनी पळ काढला आणि सशांना अडविण्यासाठी बांधलेल्या लांबच लांब कुंपणाच्या कडेने सुमारे १,६०० किलोमीटर चालत घराचा रस्ता धरला. मॉलीचा गोरा बाप याच कुंपणाच्या देखरेखीवर नोकरीला होता, त्यामुळे ते आपल्या गावाजवळून जाते, हे तिला ठाऊक होते. मॉली आणि डेझी पोहोचल्या. ग्रेसी वाटेत पुन्हा पकडली गेली.

येथे पुस्तक संपले असते, तर ती केवळ विजयाची कथा ठरली असती. परंतु १९४० मध्ये मॉलीला दोन मुलींसह पुन्हा मूर रिव्हरला नेण्यात आले. पुढच्या वर्षी ती पुन्हा पळाली. धाकट्या अ‍ॅनाबेलला तिने सोबत नेले, थोरली मात्र वसाहतीत मागे राहिली. ती थोरली मुलगी म्हणजे स्वतः लेखिका डोरिस. आईची आणि तिची पुन्हा भेट होण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. अ‍ॅनाबेललाही पुढे सरकारने नेले आणि मॉलीला ती पुन्हा कधीच दिसली नाही. ज्या आईच्या पायांनी हा प्रवास जगप्रसिद्ध झाला, तिची कथा मागे राहिलेल्या मुलीने लिहावी, ही या पुस्तकाची खरी ताकद आहे. २००२ मध्ये फिलिप नॉइस यांनी त्यावर चित्रपट काढला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रुड यांनी संसदेत अशा 'चोरलेल्या पिढ्यां'ची जाहीर माफी मागितली. डोरिस यांचे २०१४ मध्ये निधन झाले.

सत्य आणि कल्पित

ऐतिहासिक कादंबरी वाचताना तिला इतिहासाचा पुरावा मानण्याचा मोह टाळणे इष्ट असते. अ‍ॅलेक्स हॅले यांचे 'रूट्स' (१९७६) हे त्याचे बोलके उदाहरण आहे. गॅम्बियातील जुफुरे गावातून गुलाम म्हणून नेलेला कुंटा किंटे कधीच घरी परतत नाही. अनेक पिढ्यांनंतर त्याचा वंशज म्हणून लेखक तेथे पोहोचतो. या कथेने असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांना आपल्या पूर्वजांचा शोध घेण्याची प्रेरणा दिली. मात्र काही मजकूर दुसऱ्या कादंबरीतून घेतल्याचा दावा हॅले यांना १९७८ मध्ये तडजोडीने मिटवावा लागला, आणि पुढे वंशावळीच्या अभ्यासकांनी त्यांच्या तपशिलांवर गंभीर आक्षेप घेतले. प्रेरणा खरी आणि पुरावा सदोष, असे एकाच पुस्तकाबाबत घडू शकते.

म्हणूनच या कादंबऱ्यांसोबत बखरी, पत्रव्यवहार आणि आत्मवृत्ते वाचणे लाभदायक ठरते. वाट कोणती होती आणि कोण केव्हा पोहोचले, हे कागदपत्रे सांगतात. मथुरेत थांबलेला मुलगा, पानिपताच्या गर्दीत हरवलेली आई आणि मूर रिव्हरच्या वसाहतीत राहिलेली थोरली लेक यांच्यासाठी त्या कागदांत फार थोडी जागा असते. चांगली कादंबरी त्यांनाही घराच्या वाटेवर आणते.