कॉफीचा मळा : मातीचा कस आणि घामाचे दाम

जगातील कॉफीचा मोठा भाग विस्तीर्ण मळ्यांतून येत नाही; तो लहान शेतकऱ्यांच्या दोन-चार एकरांतून येतो. या शेतकऱ्यांचे जीवनमान उंचवायचे तर आधी माती सुधारावी की आधी भाव, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. दक्षिण मेक्सिकोतील ओआहाका राज्यात आदिवासी शेतकऱ्यांनी उभारलेल्या ‘उसिरी’ या संघटनेचा अनुभव असा की, ही दोन कामे वेगळी करताच येत नाहीत. ही संघटना एका धर्मप्रांताच्या सहवासात वाढली. म्हणून तिची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

संघटनेचा उगम

तेहुआंतेपेक धर्मप्रांताचे बिशप आर्तुरो लोना रेयेस (कार्यकाल १९७१ ते २०००) ‘गरिबांचे बिशप’ म्हणून ओळखले जात. त्यांच्या कारकिर्दीत, १९८० च्या सुमारास, फादर फ्रान्स वान डेर होफ हे डच धर्मगुरू तेथील डोंगराळ भागात आले. शेतकरी कुटुंबात जन्मलेले फादर आधी चिलीत कार्यरत होते. १९७३ च्या लष्करी उठावानंतर ते मेक्सिकोत आले होते. डोंगरात ते आदिवासींमध्ये राहिले आणि स्वतः कॉफी पिकवू लागले.

तेथील झापोतेक व मिहे शेतकऱ्यांकडे उत्तम कॉफी होती, परंतु बाजार हाती नव्हता. दलाल गावात येत, अडीअडचणीला उचल देत आणि पीक निघाले की आपल्याच भावाने उचलत. लोकांनी त्यांना ‘कोयोटे’ असे रानटी कोल्ह्याचे नाव दिले होते. वाडीतील भाजी व फुले पहाटे बाजारात नेणाऱ्या आमच्या वाचकांना दलालाच्या काट्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. गावोगावी सभा झाल्या, कॉफीचे पैसे कोठे जातात याचा हिशेब मांडला गेला आणि १९८३ साली ‘उसिरी’ची रीतसर स्थापना झाली.

मातीची निगा

अरेबिका कॉफीचे मूळ इथिओपियाच्या अरण्यात आहे. हे झुडूप मुळात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे. सावलीची झाडे तोडून भर उन्हात लागवड केली आणि रासायनिक खते घातली तर काही वर्षे उत्पन्न वाढते. परंतु डोंगरउतारावरील उघडी माती पावसात वाहून जाते आणि खतांचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो.

मातीचा कस परत आणणारी शेती, म्हणजेच पुनरुज्जीवक शेती, याच्या उलट दिशेने जाते. शेंगावर्गीय झाडांची सावली राखली जाते. ती झाडे जमिनीत नत्र साठवतात आणि त्यांचा पाचोळा मातीवर पांघरूण घालतो. उतारावर आडवे बांध घातले जातात. कॉफीच्या फळांचा गर ओढ्यात फेकला तर पाणी नासते. तोच शेणाबरोबर कुजवला तर उत्तम खत होते. सावलीसाठी लावलेली फळझाडे घराला फळे देतात आणि पक्ष्यांना आसरा. ‘उसिरी’च्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकातच सेंद्रिय पद्धत स्वीकारली आणि तरुणांना ती शिकवण्यासाठी शेतकी शाळा काढली.

भावाचा प्रश्न

मात्र बांध घालणे, खत कुजवणे, छाटणी करणे ही सारी मेहनतीची कामे आहेत. अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो. तो कोसळला की ही मेहनत परवडत नाही. जर्मनीतील चर्चसंस्थांच्या आधाराने १९७५ साली उभ्या राहिलेल्या ‘गेपा’ या संस्थेने ‘उसिरी’ची कॉफी घेतली. पुढे फादर वान डेर होफ व ‘सॉलिडारिदाद’ या डच संस्थेचे निको रोझेन यांच्या प्रयत्नांतून नोव्हेंबर १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हावेलार’ ही खूण बाजारात आली. खरेदीदाराने ठरलेल्या किमान भावाखाली जायचे नाही, हा तिचा गाभा.

पुढच्याच वर्षी या खुणेची गरज पटली. जुलै १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोटा पद्धत संपुष्टात आली आणि भाव घसरले. २००१ साली तर ते पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेले. आज ‘फेअरट्रेड’ या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेने १ ऑगस्ट २०२३ पासून धुतलेल्या अरेबिकाचा किमान भाव पौंडाला १.८० डॉलर केला. बाजारभाव त्याहून जास्त असेल तर बाजारभावच द्यावा लागतो. शिवाय सहकारी संस्थेला वेगळा निधी मिळतो. त्याचा विनियोग सभासद सभेत ठरवतात.

मर्यादा

ही व्यवस्था सर्व दुःखांवर औषध नाही. २०१२ पासून मध्य अमेरिका व दक्षिण मेक्सिकोत तांबेरा रोगाने कॉफीच्या बागा उजाड केल्या. नवे रोप फळाला यायला तीन-चार वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालवायचे? दुसरे असे की, प्रमाणित संस्थेची सगळीच कॉफी या भावाने विकली जाते असे नाही. आणि भाव चढले की कोयोटे रोख पैसे घेऊन दारात उभे राहतात. ज्या शेतकऱ्याला आजच औषधपाण्याला पैसे हवेत, त्याला संस्थेशी निष्ठा राखणे सोपे नसते. भाव पडलेले असताना संघटनेने सभासदाला तारायचे आणि भाव चढलेले असताना सभासदाने संघटनेला, असा हा परस्परांचा करार आहे.

आपल्यासाठी बोध

लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीला विसावा देण्याची आज्ञा आहे. त्याच अध्यायात देवघेवीत बंधूची फसवणूक करू नये, अशीही आज्ञा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितले. फादर वान डेर होफ १३ फेब्रुवारी २०२४ रोजी निवर्तले. गरिबांना दान नको, त्यांच्या श्रमाचे वाजवी मोल हवे, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका होती.

आपल्या देशातही कर्नाटक, केरळ व तामिळनाडूत कॉफी बहुतांशी सावलीत पिकते आणि तेथील बहुसंख्य उत्पादक लहानच आहेत. आपल्या घरी येणारी पुडी कोणी पिकवली आणि त्याला काय मिळाले, एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेतली तरी सुरुवात होईल. दान आपण पुष्कळदा मोठ्या मनाने देतो; दाम देताना मात्र घासाघीस करतो. तेथेच आपल्या श्रद्धेची कसोटी आहे, असे आम्हांला वाटते.