लेखनप्रक्रियेचे अध्यापन : उच्च प्राथमिक स्तर

विद्यार्थ्याने पूर्ण करून आणलेला निबंध, पत्र किंवा अहवाल तपासून त्याला गुण देण्यावर न थांबता, तो मजकूर पहिल्या विचारापासून शेवटच्या प्रतीपर्यंत ज्या टप्प्यांतून घडतो त्या प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याला हाताशी धरून शिकवण्याची अध्यापनपद्धती. विषयाची निवड व सामग्रीची जमवाजमव (लेखनपूर्व तयारी), कच्चा मसुदा, पुनर्लेखन, शुद्धीकरण आणि प्रसिद्धी असे पाच टप्पे सामान्यतः मानले जातात. इयत्ता सहावी ते आठवी या वर्गांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ‘उच्च प्राथमिक’ असे म्हटले आहे, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ते मध्य स्तरात येतात. अक्षरओळख व वाक्यरचना बऱ्यापैकी हाताखाली आलेली असल्यामुळे या वयातील मूल स्वतःच्या लिखाणाकडे वाचक म्हणून पाहू शकते, आणि दहावीच्या परीक्षेची टांगती तलवार अद्याप दूर असल्यामुळे लिहिलेले खोडण्याची चैनही त्याला परवडते. ही पद्धती नेमकी याच वयात रुजवावी असे मानले जाते, त्याचे कारण हे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या परिसराचा आणि भाषेचा आधार घेऊन येथे तिचे विवेचन केले आहे.

मराठी शिक्षणपरंपरेत लेखनाच्या शिस्तीचा विचार जुना आहे, परंतु तो प्रामुख्याने अक्षराचा आणि प्रतीचा विचार आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाचा असून त्यात बाळबोध अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, समास सोडणे, शाई आणि लेखणी यांची निगा यांविषयी बारकाईने सांगितले आहे. ग्रंथ हाताने उतरवून घ्यावे लागत होते त्या काळात ही शिस्त अत्यावश्यक होती. छपाई आल्यानंतरही शाळेत ‘शुद्धलेखन’ म्हणून रोज एक पान उतरवून आणण्याची रीत चालू राहिली, आणि तिच्या जोडीला फळ्यावर मुद्दे देऊन किंवा आयता मजकूर सांगून निबंध लिहवून घेण्याची रीत आली. पावसाळ्यातील एक दिवस, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, सूर्य उगवला नाही तर यांसारखे विषय आणि त्यांची गाईडमधली तयार उत्तरे ही याच रीतीची संतती होय. एकाच वर्गातील चाळीस वह्यांमध्ये एकच पाऊस एकाच रिमझिम सुरात पडतो, आणि तो राधानगरीच्या पावसासारखा मुळीच नसतो, हे अशा वह्या तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते.

मजकुराऐवजी तो घडवणाऱ्या क्रियेकडे पाहण्याची दृष्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्धान्तरूपाने मांडली गेली. अमेरिकेत जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये बारावीतील विद्यार्थी प्रत्यक्ष लिहिताना काय करतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी डोनाल्ड मरे यांनी लेखन हे फलित म्हणून न शिकवता प्रक्रिया म्हणून शिकवावे अशी मांडणी केली. आणि १९८१ मध्ये लिंडा फ्लॉवर व जॉन हेज यांनी आखणी, शब्दांकन आणि पुनरावलोकन या क्रिया एकीमागून एक अशा सरळ रांगेत येत नसून लेखक त्यांच्यात पुनःपुन्हा ये-जा करतो, असे दाखवून दिले. हा शेवटचा मुद्दा वर्गात बहुधा हरवतो. सोमवारी आखणी, मंगळवारी मसुदा असे वेळापत्रक लावले की टप्पे हेच नवे गाईड बनते. याच विषयावरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा स्टीव्ह ग्रॅहम व डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये घेतला असून, चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आखणी, पुनर्लेखन व शुद्धीकरण यांच्या युक्त्या उघडपणे शिकवल्यास लेखनाची गुणवत्ता सर्वाधिक वाढते, तर व्याकरण लेखनापासून तोडून शिकवल्यास तिचा लाभ होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

मात्र शाळकरी मुलांनी स्वतःच नोंदवून ठेवलेली या प्रक्रियेची सर्वांत बोलकी हकिकत इटलीतील बार्बियाना या डोंगरी वाडीतून आली. डॉन लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूच्या शाळेतील आठ मुलांनी १९६७ मध्ये एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले पुस्तक मराठीत ‘प्रिय बाई’ या नावाने आले. प्रत्येकाने सुचेल ती गोष्ट वेगळ्या कागदावर एकाच बाजूला लिहायची, मग सगळे कागद टेबलावर पसरून पुनरुक्ती काढून टाकायची, उरलेल्या कागदांचे गठ्ठे म्हणजे प्रकरणे करायची आणि शेवटी एकेका शब्दावर वाद घालून नको तो शब्द छाटायचा, अशी ही सामूहिक रीत होती. तिला लागते काय, तर कागद, वेळ आणि एकमेकांचे ऐकून घेण्याची सवय. वाड्यावस्त्यांवरच्या ज्या शाळांत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एका खोलीत सांभाळतो, तेथे परदेशी पद्धतींपैकी हीच सर्वांत सहज उचलता येण्याजोगी आहे.

कोल्हापूर परिसराला शिक्षणातील पुढाकाराची परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. राधानगरी हे गाव आणि भोगावती नदीवरील धरण हीदेखील त्यांचीच योजना. पुढे १९८५ मध्ये लीला पाटील यांनी कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू करून पाठांतराऐवजी अनुभव, प्रकल्प आणि मुलांची स्वतःची अभिव्यक्ती यांवर प्राथमिक शिक्षणाची उभारणी केली. कथा-कादंबरी कशी रचावी याचे ‘प्रतिभासाधन’ हे पुस्तक लिहिणारे ना. सी. फडके हे त्यांचे वडील. वडिलांनी लेखनाचे तंत्र प्रौढांपुढे ठेवले आणि मुलीने अभिव्यक्तीचा हक्क लहान मुलांपर्यंत नेला, हा योग मराठी शिक्षणाच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे.

लेखनपूर्व तयारीच्या टप्प्यावर राधानगरीतील मुलाजवळ सामग्रीची वाण नसते. ती सामग्री लिहिण्याच्या योग्यतेची आहे एवढा भरवसा मात्र त्याला कोणी दिलेला नसतो. दाजीपूरच्या जंगलातील गवे, तरवा काढून केलेली भाताची रोपलावण, इरले पांघरून शेतात वाकलेली माणसे, उसाची तोड, राऊतवाडीचा धबधबा, आणि पाण्याची पातळी चढली की आपोआप उघडणारे व उतरली की मिटणारे धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हे सारे त्याच्या रोजच्या बोलण्यात असते, पण वहीत उतरत नाही. येथील अभयारण्य २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले. तरीही ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधात गव्याऐवजी सिंह येतो, कारण गाईडमध्ये सिंह आहे. शिक्षकाने येथे करावयाचे काम म्हणजे विषय देण्यापूर्वी बोलायला लावणे, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यायला सांगणे, आणि ऐकलेले-पाहिलेले तुटक शब्दांत टिपून ठेवण्याची सवय लावणे. धरणाचे काम, विस्थापन किंवा जुना दुष्काळ यांविषयी आजी-आजोबांकडून मिळालेली माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते, त्यामुळे ती उतरवून काढण्याचा मोह आपोआपच टळतो.

कच्चा मसुदा लिहिताना खोडरबर आणि लाल शाई या दोन्ही वस्तू दूर ठेवाव्यात. मूल घरी ज्या बोलीत विचार करते त्या बोलीत हा मसुदा उतरला तर ते उचित मानावे. कोल्हापुरी बोलीत स्त्रियाही स्वतःविषयी ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असे म्हणतात, ‘पाणी’चे ‘पानी’ होते, आणि ‘खूप’ऐवजी ‘लई’ येते. मसुद्यातच हे शब्द दुरुस्त करू लागल्यास सातवीतील मुलगी वाक्याचा अर्थ सोडून रूपाच्या मागे लागते आणि तीन ओळींत लिखाण आटोपते. शेवटच्या प्रतीत निवेदन प्रमाणभाषेत व संवाद बोलीत ठेवण्याचा मार्ग मराठी कथेने फार पूर्वीच मळून ठेवला आहे, आणि कागलच्या आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) ही कादंबरी तर निवेदनासह संपूर्ण बोलीत आहे. बोलीत लिहिणे म्हणजे चुकीचे लिहिणे, ही समजूत कोल्हापूर जिल्ह्यात तरी टिकायला नको होती.

पुनर्लेखन हा या प्रक्रियेचा गाभा आहे आणि नेमका तोच टप्पा शाळेत गाळला जातो. पुनर्लेखन म्हणजे तोच मजकूर सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवणे, असा अर्थ विद्यार्थी आणि पुष्कळदा शिक्षकही घेतात. वस्तुतः त्यात मजकुराची भर, छाटणी, क्रमबदल आणि कधी नव्याने सुरुवात या चार क्रिया येतात. उदाहरणादाखल असा मसुदा कल्पावा : ‘लई पाऊस पडला आनि गेटं उघडली. आम्ही बघायला गेलो. लई मज्जा आली.’ येथे ‘आनि’ खाली लाल रेघ ओढण्यात काहीच साधत नाही. शेजारच्या मुलाने वाचक म्हणून प्रश्न विचारावेत : किती दरवाजे उघडले होते, आवाज कुठपासून ऐकू येत होता, तुम्ही कुठे उभे होता, कोण काय म्हणाले, आणि नदीकाठच्या मामाच्या गावात त्या रात्री काय झाले? या प्रश्नांची उत्तरे घेऊन दुसरा मसुदा लिहिला की मजेच्या जागी माहिती येते, आणि शेवटच्या प्रश्नाने तर लिखाणाचा रोखच बदलतो, कारण धरणावर जो सोहळा असतो तोच भोगावतीच्या खालच्या अंगाला आणि पुढे पंचगंगेकाठी पुराचा इशारा असतो. हे दोन्ही अनुभव एकाच मुलाच्या गाठी असू शकतात, फक्त ते एका पानावर आणण्याची वेळ त्याच्यावर कोणी आणलेली नसते. सर्व मुलांचे सर्व मसुदे शिक्षकाने वाचणे मोठ्या वर्गात शक्य नसल्यामुळे जोडीवाचन, एखादाच मसुदा फळ्यावर घेऊन सर्वांनी मिळून तो सुधारणे आणि आठवड्याला चार-पाच मुलांशी स्वतंत्र बोलणे हे व्यवहार्य उपाय ठरतात. फळ्यावर शिक्षकाने स्वतःचाच मसुदा घेऊन तो वर्गासमोर खोडून दाखवला तर त्याचा परिणाम सर्वांत अधिक होतो.

शुद्धीकरणाचा टप्पा त्यानंतरचा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, जे १९६२ मध्ये चौदा होते आणि १९७२ मध्ये चारांची भर पडून अठरा झाले, ते येथे लागू करावयाचे असतात. परंतु अठराही नियम एका वेळी न लादता शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहिणे किंवा ‘न’ आणि ‘ण’ वेगळे ठेवणे असा एखादाच नियम एका लेखनासाठी घेणे शहाणपणाचे. प्रसिद्धी म्हणजे मजकूर शिक्षकाखेरीज आणखी कोणाच्या तरी वाचनात येणे. मराठी शाळांतील भित्तिपत्रक आणि हस्तलिखित यांची परंपरा त्यासाठी पुरेशी आहे, आणि साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी स्वहस्ते दैनिक काढत असत, हा तिचा कळसाचा दाखला होय.

मूल्यमापनाची व्यवस्था या पद्धतीला अर्धीच अनुकूल आहे. महाराष्ट्रात २०१० च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्षभराच्या कामाचे आकारिक आणि सत्रअखेरच्या परीक्षेचे संकलित असे दोन भाग असून, पाचवी-सहावीसाठी त्यांचा भार निम्मा-निम्मा, तर सातवी-आठवीसाठी ४० व ६० टक्के ठरवण्यात आला. आकारिक भागात मसुदे आणि त्यांतील बदल यांना गुण देण्यास कोणतीही आडकाठी नाही. तरी व्यवहारात तपासणीसाठी पुढे येते ती पक्की वही, आणि खाडाखोडीने भरलेली कच्ची वही दप्तरातच राहते. त्यातच जिल्हा परिषदेच्या अनेक विद्यामंदिरांत सातवीपर्यंतचेच वर्ग असल्याने आठवीला मूल हायस्कुलात जाते, आणि उच्च प्राथमिक टप्पा मध्येच तुटून लेखनाची दोन वर्षांची घडी नव्या शिक्षकाला अपरिचित राहते. सातवीच्या निकालपत्रासोबत प्रत्येक मुलाचे एक लिखाण त्याच्या सर्व मसुद्यांसह पुढील शाळेकडे पाठवणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि तो करण्यासाठी शिक्षकाला कोणत्याही नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.