बंदुकीचा वर्ग कोण ठरवतो? : शस्त्रकायद्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

हरभऱ्यात रानडुकरं शिरली, रोहींच्या कळपानं एका रात्रीत तूर तुडवली, की देगलूर, मुखेड, बिलोलीकडच्या गावांत एक प्रश्न हमखास निघतो : बंदुकीचा परवाना मिळेल का? उत्तर बंदुकीवर अवलंबून आहे. ठासणीची बंदूक पीक राखण्यासाठी खरोखर हवी असेल, तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ अर्जदाराच्या बाजूनं झुकलेलं आहे. कलम १४ मधली नकाराची कारणं आड आली नाहीत, तर परवाना द्यावा असा त्याचा रोख आहे. (जनावर मारायचं तर वन विभागाची परवानगी वेगळी.) तोच शेतकरी अर्धस्वयंचलित रायफल मागू लागला, तर विषय नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात राहत नाही, थेट दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. शेत तेच, माणूस तोच, गरजही तीच. बदलला तो फक्त शस्त्राचा वर्ग.

या वर्गवारीचा अभ्यास म्हणजे शस्त्रकायद्याच्या अभ्यासाचा गाभा. कायद्याचे विद्यार्थी, तालुका न्यायालयात उभे राहणारे तरुण वकील, गुन्हेवार्ता लिहिणारे पत्रकार आणि कुतूहल असलेला कोणताही वाचक, अशा सगळ्यांचं या क्षेत्रात स्वागत आहे. बंदूक हाताळलेली असण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी : कायदा शस्त्राचा वर्ग केवळ त्याच्या मारकतेवरून ठरवत नाही. शासनाला कोणत्या काळी कशाची धास्ती वाटली, त्यावरून या रेषा आखल्या गेल्या. ती धास्ती ओळखता आली की कलमं आपोआप उलगडतात.

पहिली धास्ती परकी सत्तेची. लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या कायद्यानं हिंदुस्थानी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना मोकळीक दिली. हा अपमान काँग्रेसच्या नेत्यांना इतका सलला, की १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही आला. घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत घालावा असा आग्रह धरला, डॉ. आंबेडकरांनी तो स्वीकारला नाही. शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, याची मुळं त्या चर्चेत आहेत. ती मुळातून वाचल्याशिवाय पुढं जाऊ नये.

मराठवाड्याच्या वाचकाला या चर्चेचा आणखी एक पदर जाणवतो. त्या काळी देगलूर निजामाच्या राज्यात होतं. रझाकारांच्या हाती बंदुका आणि गावकऱ्यांच्या हाती काठ्या, हा अनुभव इथल्या कित्येक घरांनी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत घेतला. त्याच आठवणीतून दोन उलट निष्कर्ष निघतात. एक म्हणतो, नागरिक निःशस्त्र असला की तो असहाय होतो. दुसरा म्हणतो, खासगी टोळ्यांच्या हाती हत्यारं पडू देणारं राज्य हे राज्यच नव्हे. दोन्ही मतांमागे सोसलेलं दुःख आहे. अभ्यासकानं यातलं एकही मत हलक्यात घेऊ नये.

आता वर्गवारी जवळून पाहू. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग दिले आहेत. वर्ग एक (क) मध्ये अधिनियमातली ‘प्रतिबंधित शस्त्रं’ येतात : चाप दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा गोळ्या संपेपर्यंत झाडत राहणारी बंदूक, तोफा, रणगाडाविरोधी हत्यारं वगैरे. वर्ग एक (ख) मध्ये अर्धस्वयंचलित शस्त्रं. यात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप नळीत चढते. वीस इंचांपेक्षा आखूड नळीच्या गुळगुळीत बंदुकाही याच वर्गात बसवल्या आहेत, कारण त्या सहज लपवता येतात. वर्ग एक (ग) मध्ये ३०३, ७.६२ मिलिमीटर किंवा ९ मिलिमीटर अशी सैन्य-पोलिसांची काडतुसं झाडू शकणाऱ्या रायफली आणि पिस्तुलं येतात. बोलण्यात यांनाच ‘पीबी’, म्हणजे प्रोहिबिटेड बोअर म्हणतात. बाकीच्या ‘एनपीबी’, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर. बहुतेक परवानाधारकांचा संबंध या दुसऱ्या गटाशीच येतो.

इथं एक बारकावा आहे, आणि तो कळला की हे क्षेत्र अर्धं कळलं. परवान्यावर सर्रास मिळणारं ३२ बोअरचं पिस्तूल हेही यंत्ररचनेनं अर्धस्वयंचलितच असतं. तरी ते वर्ग एक (ख) मध्ये नाही, कारण नियमानंच वर्ग तीनमधली पिस्तुलं तिथून वगळली आहेत. त्याची गोळी ७.६५ मिलिमीटरची, ९ मिलिमीटरची पोलिसी गोळी त्यात बसत नाही. दुसरं उदाहरण आणखी बोलकं आहे. ३०३ ची रायफल सामान्य माणसाला बंद, पण इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी ३१५ बोअरची रायफल परवान्यावर मिळते. ३१५ ची नळी ३०३ पेक्षा रुंद असते! मग कमी रुंदीची बंद आणि जास्त रुंदीची खुली, असं का? कारण प्रश्न जखमेचा नव्हता, काडतुसांच्या चोरीचा होता. सरकारी कोठारातून पळवलेलं काडतूस खासगी बंदुकीत चालताच कामा नये, ही ती धास्ती. यंत्ररचना, बोअर आणि नळीची लांबी या तीन मोजपट्ट्या एकमेकींना छेद देत अनुसूचीभर फिरतात.

चौथी मोजपट्टी हेतूची. धारदार हत्यारांच्या वर्गात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. मात्र घरकाम, शेती, उद्योग यांसाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणून ऊसतोड कामगाराचा कोयता शेतीचं अवजार ठरतो आणि तेवढ्याच लांबीचा जंबिया शस्त्र ठरतो. नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या सान्निध्यात राहणाऱ्यांना याच विषयाची घटनात्मक बाजूही ठाऊक असते : कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग आहे, असं राज्यघटनेचं २५ वं कलमच सांगतं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, त्यातलं पिस्तूलही अर्धस्वयंचलित असतं. एकच यंत्ररचना एका हातात धोका मानली जाते आणि दुसऱ्या हातात देशाचा अभिमान ठरते. हा फरक करण्याची जबाबदारी कायद्यावर आहे.

रेषा ओलांडली की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातलं. अभिनेता संजय दत्त याच्यावरचे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचे आरोप विशेष न्यायालयात टिकले नाहीत, पण एके-५६ रायफल बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियमाखाली तो दोषी ठरला. २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पाच वर्षांवर आणली. दहशतवादी कृत्याशी संबंध आणि निषिद्ध शस्त्राचा ताबा हे दोन वेगळे गुन्हे आहेत, हे या निकालातून शिकावं. २०१९ च्या दुरुस्तीनं निषिद्ध शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा पाचावरून सात वर्षांवर नेली, एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा ठेवली आणि लग्न-वरातीतला बेफाम गोळीबार स्वतंत्र गुन्हा केला.

जगाकडे पाहिलं की आपल्या रचनेचं वेगळेपण उठून दिसतं. अमेरिकेत हा विषय बराचसा राज्यांचा. कॅलिफोर्नियानं १९८९ मध्ये ठरावीक अर्धस्वयंचलित रायफलींवर नावानिशी बंदी घातली, पुढं मूठ, मॅगझिन अशा अवयवांवरून व्याख्या केली. संघराज्याची बंदी मात्र १९९४ ते २००४ इतकीच टिकली. तिथल्या मराठी माणसानं राज्याची हद्द ओलांडली की कायदा पालटतो. आपल्याकडे शस्त्रं हा संघसूचीतला विषय. १९५६ मध्ये देगलूर तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल हे भाग तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेले, त्यांची कार्यालयीन भाषा बदलली, पण शस्त्रांचे वर्ग सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच राहिले.

कायदा एक असला तरी अंमल जागोजागी वेगळा असतो, आणि नव्या अभ्यासकांची खरी गरज तिथं आहे. अर्जावर जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल येतो, त्यावर जिल्हाधिकारी निर्णय देतात, नकाराविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ स्पष्ट सांगतं. प्रत्यक्षात अल्पभूधारकांच्या अर्जांचं काय होतं? ‘योग्य कारण’ म्हणून काय ग्राह्य धरलं जातं? जिवाला धोका असल्याचं सांगणाऱ्या दलित अर्जदाराला आणि मोठ्या कंत्राटदाराला एकच फूटपट्टी लावली जाते का? निवडणुकीआधी कोणाच्या बंदुका जमा करून घेतल्या जातात आणि कोणाच्या राहतात? दोन बंदुकांच्या मर्यादेनंतर वाडवडिलांच्या ठासणीच्या बंदुकांचं काय झालं?

ही उत्तरं दिल्ली-मुंबईच्या ग्रंथालयांत सापडायची नाहीत. ती तहसील कचेरीच्या दप्तरांत, माहिती अधिकारातल्या उत्तरांत आणि छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या निकालांत आहेत. ती शोधायला मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू कानावर पडत वाढलेला देगलूरचा विद्यार्थी जितका योग्य, तितका दुसरा कोणी नाही. त्यानं अनुसूचीपासून सुरुवात करावी, प्रत्येक वर्गापुढं ‘ही रेषा कशाच्या धास्तीनं आखली आणि ती धास्ती आज उरली आहे का?’ एवढं विचारावं, आणि जे हाती लागेल ते मराठीत लिहावं.