जुन्या संगणकाला लिनक्सने सांभाळावे का?

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या धारूर गावी शिक्षकांशी बोलताना एक तक्रार आमच्या कानावर आली. शाळेच्या संगणक-खोलीतले काही जुने संच अजून ठणठणीत चालतात. पण त्यांवर लिनक्सची नवी आवृत्ती घालायला गेले तर ती बसतच नाही. "लिनक्स जुन्या यंत्रांसाठी चांगले, असे सगळेच सांगतात. मग आमच्या यंत्रांनी काय घोडे मारले?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र थोडा इतिहास पाहावा लागतो.

आधी नेमके काय घडले ते पाहू. लिनक्स हा खरे तर संगणक-प्रणालीचा फक्त गाभा. त्याभोवती हजारो प्रोग्रॅम जमवून, तपासून, एकत्र बांधून जो संच लोकांच्या हाती दिला जातो त्याला वितरण म्हणतात. डेबियन हे अशा वितरणांपैकी जुने आणि मोठे. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. ९ ऑगस्ट २०२५ रोजी त्याची तेरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात ३२ बिटांच्या जुन्या पीसीसाठी गाभाही नव्हता आणि तो बसवून देणारा प्रोग्रॅमही नव्हता. उबुंटूने हे पाऊल काही वर्षे आधीच उचलले होते. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये काढलेली, मराठीसह भारतीय भाषांत चालणारी 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. त्यामुळे तिकडे घेतलेल्या निर्णयाची झळ उशिरा का होईना, धारूरपर्यंत पोहोचतेच.

प्रोसेसरच्या जातीला इंग्रजीवरून 'आर्किटेक्चर' म्हणतात. आम्हाला 'घराणे' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. राग तोच, पण किराणा घराण्याची मांडणी वेगळी आणि जयपूरची वेगळी. तसेच बेरीज तीच, पण ती करण्याची आज्ञा प्रत्येक घराण्याची निराळी. इंटेलचे एक्स-८६, सनचे स्पार्क, मोटोरोलाचे ६८०००, डिजिटलचे अल्फा, शिवाय पॉवर, मिप्स, आर्म ही काही प्रसिद्ध घराणी. घराणे बदलले की काय होते, हे पुण्याच्या सी-डॅकइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. १९९१ चा परम ८००० हा महासंगणक ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर बांधला होता. १९९४ च्या परम ९००० साठी मुख्यत्वे स्पार्क घेतले, १९९८ च्या परम १०००० साठी त्याच घराण्यातले अल्ट्रास्पार्क, आणि पुढच्या परम पद्मसाठी आयबीएमचे पॉवर. ट्रान्सप्युटरचे घराणे तर पुढे बुडालेच.

लिनक्स सुरुवातीला एकाच घराण्याचे होते. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते आपल्या ३८६ पीसीसाठी लिहिले. हे दुसऱ्या यंत्रांवर नेता येण्याजोगे नाही, असे त्याने पहिल्या जाहीर निवेदनातच सांगून टाकले होते. चारच वर्षांत, १९९५ मध्ये, ते अल्फा, स्पार्क आणि मिप्सवर चालू लागले. आणि ज्या ३८६ वर ते जन्मले त्याला फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत निरोप दिला गेला!

अनेक घराण्यांवर चालण्याचा एक फायदा चटकन लक्षात येत नाही. मराठीत आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो, पण बोलताना 'पंचवीस', म्हणजे पाच आधी म्हणतो. पहिलीच्या मुलाला सांगून अंक लिहायला लावले की त्यातली बरीच मुले ५२ लिहितात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. प्रोसेसरांतही हाच भेद आहे. काही घराणी मोठ्या संख्येचा मोठा भाग स्मृतीत आधी ठेवतात, काही लहान भाग आधी ठेवतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नकळत एकच क्रम गृहीत धरला असेल, तर ती चूक त्याच्या स्वतःच्या यंत्रावर कधीच दिसत नाही. दुसऱ्या घराण्यावर नेल्याबरोबर २५ चे ५२ होतात आणि चूक उघडी पडते. म्हणून जुने, अडगळीतले घराणे सांभाळणे म्हणजे नुसती हौस आहे, असे आम्हाला वाटत नाही. ते एक प्रकारचे परीक्षक असते.

पण या परीक्षकाचा खर्च असतो. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर एकच, मात्र प्रत्येक घराण्याच्या यंत्रभाषेत त्याचे वेगळे भाषांतर करावे लागते. बालभारतीची पुस्तके अनेक माध्यमांत निघतात. समजा, असा नियम केला की सर्व माध्यमांची सर्व पुस्तके छापून झाल्याशिवाय एकही पुस्तक शाळेत जाणार नाही. मग एका माध्यमाचा एकच अनुवादक आजारी पडला तरी अख्ख्या राज्याची मुले पुस्तकांवाचून बसतील. डेबियनमध्ये साधारण असाच नियम होता. जुलै २००२ च्या आवृत्तीत ११ घराणी होती, आणि पुढची आवृत्ती निघायला जून २००५ उजाडले. मोटोरोला ६८००० सारख्या संथ यंत्रांवर एखादा मोठा प्रोग्रॅम बांधून व्हायला काही दिवस लागत, आणि तोवर बाकीच्यांनी थांबायचे.

तेव्हा मार्च २००५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरी डेबियनचे जबाबदार कार्यकर्ते जमले. त्यांच्या वतीने स्टीव्ह लँगासेक यांनी प्रस्ताव मांडला की यापुढे ११ ऐवजी चारच घराण्यांसाठी आवृत्ती काढावी. ३२ बिटांचा पीसी, ६४ बिटांचा पीसी, पॉवरपीसी आणि इंटेलचे नवे इटानियम ही ती चार. मोठे वादळ उठले. प्रस्ताव जसाच्या तसा टिकला नाही. मात्र त्यातून कसोट्या ठरल्या. घराण्याची यंत्रे मिळत असावीत, वापरणारे लोक असावेत, आणि मुख्य म्हणजे बांधणी मोडली की ती दुरुस्त करायला माणसे हजर असावीत. या कसोट्यांवर २००७ च्या आवृत्तीतून ६८००० बाहेर पडले.

आज वीस वर्षांनी ती चौघांची यादी पाहण्यासारखी आहे. इटानियम २०१५ मध्ये गेले, पॉवरपीसी २०१७ मध्ये, आणि ३२ बिटांचा पीसी २०२५ मध्ये. चारांतला एकच उरला. उलट ज्या आर्मला तेव्हा यादीबाहेर ठेवायचे होते, ते घराणे पुढे जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये जाऊन बसले, आणि २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या शाळांना परवडणाऱ्या छोट्या संगणकाची प्रणाली डेबियनवरूनच घडवली गेली. ही यादी करणारी माणसे अडाणी नव्हती. त्या विषयातली उत्तमातली उत्तम होती. तरीही भविष्य पाहून कोणाला ठेवायचे हे ठरवणे त्यांना साधले नाही. 'काम करायला माणसे आहेत का' ही साधी कसोटी त्यापेक्षा खूपच भरवशाची निघाली.

आता महाराष्ट्रातल्या एका शाळेकडे येऊ. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या अमेरिकेत सुरू झालेल्या योजनेला आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला होता. तरीही २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैरात या छोट्या गावातल्या प्राथमिक शाळेत तिचा भारतातला पहिला प्रयोग झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते लॅपटॉप, आत एएमडीचा गिओड प्रोसेसर, वेग ४३३ मेगाहर्ट्झ, स्मृती २५६ मेगाबाइट, आणि प्रणाली अर्थात लिनक्स. आजच्या साध्या फोनपुढेही ते काहीच नाहीत, पण वीज थोडी खात आणि मुलांच्या हाताळणीला टिकतील असे बनवलेले होते.

या गिओडला डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत वगळले. कारण ऐकून हसू येईल. प्रोसेसरला 'काहीही करू नकोस' अशी एक आज्ञा असते. आज्ञांच्या ओळी नीट रांगेत बसाव्यात म्हणून मधली जागा भरायला ती वापरतात. नव्या प्रोसेसरांना या आज्ञेचे एक लांब रूपही कळते, गिओडला ते कळत नाही. म्हणजे काही न करण्याची नवी पद्धत येत नाही म्हणून हे यंत्र बाद झाले! गणिताच्या दृष्टीने निर्णय बरोबर आहे. एका प्रोसेसरसाठी सगळ्या प्रोग्रॅमांची वेगळी बांधणी कोण करणार?

आमचे म्हणणे इथेच आहे. कसोटी चांगली आहे, पण मोजणी अपुरी आहे. कोणती यंत्रे किती वापरात आहेत याचा अंदाज घ्यायला डेबियनजवळ एक साधन आहे. ज्याने स्वखुशीने परवानगी दिली त्याचा संगणक इंटरनेटवरून दर आठवड्याला आपली माहिती कळवतो. ज्या संगणकाला इंटरनेटच नाही, किंवा ज्याच्या शिक्षकाला असे काही असते हे ठाऊकच नाही, तो त्या मोजणीत शून्य. जुनी यंत्रे नेमकी अशाच ठिकाणी जास्त असतात. स्वयंसेवकांवर राग धरून उपयोग नाही. त्यांनी फुकट काम करून २५ वर्षांपूर्वीचे यंत्रही कायम चालू ठेवावे अशी मागणी करणे अन्यायाचे होईल. पण आपल्याकडच्या एकाही शाळेने, शिक्षणसंस्थेने किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाने 'हे घराणे आम्ही तपासतो' असे तिथे जाऊन सांगितले असते, तर पारडे थोडे तरी हलले असते.

३२ बिटांना निरोप देण्यामागे आणखी दोन कारणे आहेत, आणि ती टाळता येणारी नाहीत. ३२ बिटांनी ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते देता येतात, म्हणजे ४ गिगाबाइट स्मृती. आजचा ब्राउझर बांधताना याहून जास्त जागा लागते. दुसरे कारण घड्याळाचे. जुन्या पद्धतीत १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. ती मोजणी भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे. दोनाचा एकतिसावा घात वजा एक, त्याला ८६,४०० ने भागून दिवस काढायचे.

धारूरच्या शिक्षकांना आम्ही आधी एक तपासणी करायला सांगितली. २००६ नंतरचे बहुतेक पीसी मुळात ६४ बिटांचे असतात. त्यांवर विंडोज एक्सपीची ३२ बिटांची प्रत असते, एवढेच. लिनक्समध्ये 'सीपीयू-इन्फो' ही फाइल उघडून 'एलएम' ही दोन अक्षरे शोधावीत. ती सापडली तर प्रोसेसर ६४ बिटांचा, आणि मग अडचण फक्त रॅमची उरते. अक्षरे नसतील तर डेबियनची बारावी आवृत्ती वापरावी, तिचा दीर्घकालीन सांभाळ जून २०२८ पर्यंत जाहीर झालेला आहे. त्यापुढे तो संच इंटरनेटला जोडू नये. मराठी टंकलेखन आणि भूमितीच्या प्रोग्रॅमांसाठी तो चालेल. मात्र पेंटियम ४ चा काही प्रकारांत नुसता प्रोसेसरच ८० वॉटपेक्षा जास्त वीज खातो, आणि वर जुना काचेचा मॉनिटर. भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टरवर असे दहा संच चालवायचे की पाच-सहा वॉटचे छोटे संगणक घ्यायचे, याचा हिशेब शाळेने करावा. जुने ते टिकवलेच पाहिजे असा आमचा हट्ट नाही.

डेबियनने वगळलेल्या घराण्यांसाठी एक बाजूची ओसरी ठेवली आहे. तिला 'पोर्ट्स' म्हणतात. २००७ मध्ये बाहेर काढलेले मोटोरोला ६८००० तिथे आजही काही हौशी माणसे बांधत असतात. याच ओसरीवर २०१८ मध्ये रिस्क-फाइव्ह हे नवे, कोणालाही मुक्तपणे वापरता येणारे घराणे येऊन बसले. पाच वर्षे स्वयंसेवक त्याची बांधणी करत राहिले, २०२३ मध्ये ते मुख्य घरात गेले आणि २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत पहिल्यांदा अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर याच घराण्यातले आहेत.