खापर, वाळू आणि सिलिकॉन

दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला रजा टाकून सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडी माहिती: नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, तापीचा काठ, एकमुखी दत्ताचं मंदिर आणि मार्गशीर्षात भरणारा घोड्यांचा बाजार. सगळे घोडे बघायला जातात. माझी माय घोड्यांकडे ढुंकूनही न बघता भांड्यांच्या ओळीत शिरली. तिला खापर हवं होतं. तिथेच चार दुकानं सोडून बायकोला केकचा गुलाबी सिलिकॉनचा साचा सापडला, सहा कप्प्यांचा. मायने तो हातात घेतला, पिळला, सोडला. पुन्हा जसाच्या तसा! मग मला म्हणाली, "हाई रबर पोटमा जात नही ना रे?"

मी पडलो इंजिनियर. "नाही गं" म्हणून मोकळा झालो. खरं तर मला काहीही माहीत नव्हतं. हा लेख म्हणजे त्या "नाही गं"ची उशिरा केलेली टेस्टिंग.

आधी खापराबद्दल, कारण आमच्याकडची भाजायची भांडी तिथून सुरू होतात. खापर म्हणजे मातीचं मोठं पसरट भांडं, पेटत्या चुलीवर पालथं घातलेलं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि त्या घुमटावर अलगद टाकायचा. हा खानदेशी मांडा. प्रकार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त 'मंडक' तापल्या खापरावर भाजायची कृती आहे. आणि मुक्ताबाईची गोष्ट तर सगळ्यांनाच ठाऊक. तिला मांडे करायचे होते, पण विसोबाने कुंभारांना बजावून ठेवलं की हिला खापर द्यायचं नाही. शेवटी ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. चमत्कार बाजूला ठेवा. पण एका भांड्यावाचून स्वयंपाक अडतो, आणि ते भांडं नाकारणं म्हणजे माणसाला वाळीत टाकणं, हे त्या गोष्टीत किती सहज येऊन जातं! त्याच मुक्ताबाई 1297 मधे तापीकाठी मेहूणजवळ अंतर्धान पावल्या असं मानतात. तिथली तापी पुढे पश्चिमेला वाहत आमच्या सारंगखेड्याला येते.

आता मधली पायरी. लहानपणी आमच्या घरी ओव्हन नव्हता. केक म्हणजे जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा डबा, वर झाकण आणि मंद स्टोव्ह. वाळूमुळे आच एका जागी न लागता पसरते. नानकटाई असेल तर तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्याचा डबा भरून आणायचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आयांनी हेच केलं असेल.

सिलिकॉनची गोष्ट मात्र थेट इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञाने हे नाव दिलं, आणि गंमत म्हणजे आयुष्याच्या शेवटाकडे त्यालाच यातून काही मोठं निघेल असं वाटत नव्हतं. 1940 मधे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या युजीन रोखोला ते स्वस्तात बनवायची पद्धत सापडली, 1943 मधे डाऊ कॉर्निंग ही कंपनी निघाली आणि माल गेला तो युद्धातल्या विमानांसाठी. 1969 मधे चंद्रावर उमटलेले बुटांचे ठसे सिलिकॉन रबराच्या तळव्यांचे आहेत. स्वयंपाकघरात ते नंतर आलं. फ्रान्समधल्या बेकरीवाल्यांनी वापरलं, मग घराघरात गेलं. आपल्याकडे 2020 च्या लॉकडाऊनमधे अख्खं शहर केक करायला लागलं तेव्हा आमच्याही बिल्डिंगमधे ते शिरलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की हे 'रबर' मुळात वाळूतून येतं. वाळूतल्या सिलिकापासून सिलिकॉन धातू, त्याच्यापासून पुढे हे. साखळी तीच, सिलिकॉन आणि ऑक्सिजनची, फक्त बाजूला कार्बनचे गट लावले की ती लवचिक होते. खापर भाजलेल्या मातीचं, तीही सिलिकेटच. पातेल्यातला थर तर वाळूच. सिलिकॉन जाळलं तर मागे पांढरी भुकटी उरते, ती पुन्हा सिलिका.

आता मायचा प्रश्न. प्रामाणिक उत्तर: थोडं जातं. नव्या साच्यात काही लहान वलयाकार रेणू उरलेले असतात आणि तापवल्यावर, विशेषतः तूप-लोण्याच्या पदार्थात, ते थोडे उतरतात. युरोपियन युनियनने 2018 मधे यातल्या तिघांना काळजीच्या पदार्थांच्या यादीत टाकलं, मुख्यतः ते निसर्गात लवकर नाहीसे होत नाहीत म्हणून. जर्मनीत नियम असा सुचवलेला आहे की साचा 200 अंशांवर चार तास तापवला तर उडून जाणारा भाग अर्ध्या टक्क्याच्या वर नको. चांगला कारखाना हे काम आधीच करतो. यात्रेतल्या गुलाबी साच्याचं कोणी केलंय की नाही, देव जाणे. त्यावर ना नाव, ना तापमान. तो आम्ही बर्फासाठी ठेवलाय. केकसाठी नाव-पत्ता असलेला दुसरा आणला, धुवून खिडक्या उघड्या ठेवून एकदा रिकामाच भाजला, आणि 220 च्या वर नेत नाही.

बाकी फायदे खरे आहेत. केक न चिकटता निघतो, गंजत नाही, पडून फुटत नाही, घडी करून ड्रॉवरमधे जातो. माझी तक्रार वेगळीच आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत हा उष्णता जवळजवळ हजारपट कमी वाहून नेतो, त्यामुळे केक बाजूंनी पांढुरका राहतो. खाली पत्र्याचा ट्रे नसेल तर ओतलेलं पीठ घेऊन हा लडबडतो. तुपकट राहतो तो वेगळाच. तो फक्त आकार देतो, भाजायचं काम दुसऱ्या कोणीतरी करायचं. खापर स्वतः भाजतं.

तर ते खापर. आम्ही ते गाडीत, मांडीवर घेऊन पुण्याला आणलं. मायने होळीला मांडे करायचं ठरवलं. गहू ओलवून दळून आणले, पीठ वस्त्रगाळ केलं, तासभर कणीक मळली. गॅसच्या मोठ्या बर्नरवर खापर पालथं घातलं. चुलीची आच चहूकडून पसरून लागते, गॅसची एका कड्यात. पाचव्या मिनिटाला टक्क आवाज आला आणि वरपासून काठापर्यंत चीर गेली. माय काही बोलली नाही. उरलेल्या गोळ्यांच्या तव्यावर साध्या पुरणपोळ्या केल्या. चांगल्या झाल्या होत्या, पण तिने स्वतः एकच खाल्ली.

मी नंतर लोखंडी पत्रा मधे घालून आच पसरवायचा प्रयोग सुचवला. ती म्हणाली, आधी दुसरं खापर आण. मागच्या यात्रेत ती ओळ दोनदा फिरलो. साचे सहा रंगांत होते. खापरवाला दिसला नाही. शहाद्याच्या बाजारात बघायला एका नातेवाईकाला सांगून ठेवलंय.